मानाचा नारळ

चाचांनी आमटीत बुडवलेला पोळीचा घास तसाच ताटात ठेवला आणि म्हणाले, "ताई, मुरलीला उठवा तिथनं."

जत्रेचा दिवस होता. घरात पाहुण्यांची ही गर्दी, मी पदर खोचून वाढत होते. चाचांनी हनुवटीनंच समोर दाखवलं. आमच्या ओट्यासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं भैरोबाचा पार. पारावर मानाच्या नारळाचा लिलाव सुरू झाला होता आणि पुढच्या रांगेत, कमिटीच्या माणसांना खेटून, परीटघडीचा सदरा घालून आमचे हे बसले होते.

मी म्हटलं, सकाळपासनं मी तेच सांगतेय, माझं ऐकतंय कोण. सासूबाईंनीच हाताला धरून नेऊन बसवलं होतं.

"त्याचा हात बघा," चाचा म्हणाले.

बघितला. उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू सरकत होता. पत्ते खेळणारा माणूस पान एकदम उघडत नाही. कोपऱ्यातनं जरा जरा सरकवत बघतो, त्याला ते लोक पान पिळणं म्हणतात. हातात काही नसताना आमच्या ह्यांचा हात पान पिळत होता. माझ्या हातातली पळी तिथंच पातेल्यात पडली.

आता चाचा कोण ते सांगायला पाहिजे. दस्तगीर मुलाणी त्यांचं नाव, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. एके काळी पत्त्यांच्या पायात त्यांनी बायकोचं माहेरसुद्धा कर्जात घातलं होतं, हे ते स्वतः सांगायचे, कुणी न विचारता. कराडला नगरपालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात दर रविवारी जुगार सोडलेल्या माणसांची बैठक व्हायची, तिथले ते सगळ्यांत जुने. बैठकीत आडनाव नाही, जात नाही, साहेब नाही की शेठ नाही. ज्यानं त्यानं नुसतं नाव सांगायचं आणि मी जुगारी आहे म्हणायचं. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण त्या वर्गात मीही ऐकून ऐकून शिकले. म्हणून आता मुरलीधर म्हणते. आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या देखत मात्र कधी म्हटलं नाही.

मुरलीधर मोटारी भरायचे. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारेचे वेढे घालून द्यायचे. हात असा की पंचक्रोशीतली मोटार दुसऱ्याकडं जायची नाही. आणि त्याच हातानं ढाब्यामागच्या खोलीत पत्ते खेळायचे. गिऱ्हाइकाची मोटार विकली, दुकानातलं यंत्र विकलं, माझ्या गळ्यातलं डोरलं गेलं, मग काळी पोतच राहिली. दारात वसुलीवाला आला की आत्या पुढं व्हायच्या. पोरगं पुण्याला गेलंय, म्हणायच्या. पोरगं तेव्हा माळ्यावर बसलेलं असायचं. माझं डोरलं कुठं गेलं म्हणून बायका विचारायला लागल्या तर आत्यांनी सांगितलं, सोनाराकडं गाठवायला दिलंय. वर्षभर ते गाठवूनच होईना. गावाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण आत्यांनी झाकायचं आणि गावानं झाकल्यासारखं दाखवायचं, असं चाललं होतं.

एके दिवशी ह्यांनी मोटारीच्या तारेला लावायच्या वॉर्निशची बाटली तोंडाला लावली. दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना वाचवलं आणि मला चाचांचा पत्ता दिला. त्या रविवारी मी ह्यांना अक्षरशः ओढत कराडला नेलं. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही. बैठकीचे नियम साधे होते. पैसा हातात ठेवायचा नाही, बायकोकडं द्यायचा. कसलीच पैज लावायची नाही, चहाचीसुद्धा नाही, लॉटरीचं तिकीट नाही, जत्रेतलं रिंगण टाकणं नाही. हे रोज सकाळी माझ्याकडं चहाचे पैसे मागायचे आणि मी मोजून द्यायची. गाव हसायचं. बायकोच्या पदराला गाठ मारलेला म्हणायचं. हसू दे म्हटलं. हळूहळू दुकान पुन्हा उघडलं, मोटारी यायला लागल्या, मांडणीवर भांडी आली. मी रात्रीची झोपायला लागले, एवढं सांगितलं तरी बास.

आणि मग ती जत्रा आली.

आमच्या गावात नारळाची पद्धत अशी. पालखीपुढं पहिला वाढवायचा नारळ देवळात ठेवतात आणि त्याच्या मानाचा लिलाव होतो. सगळ्यांत मोठी बोली ज्याची त्याला फेटा, गुलाल, पालखीला खांदा. पैसे तिथल्या तिथं द्यायचे नसतात. पुढच्या जत्रेपर्यंत दिले तरी चालतं, ती देवाची उधारी. आजवर कुणी बुडवलेली नाही, गावाला त्याचा केवढा अभिमान. खिशात दमडी नसलेला माणूससुद्धा बोली बोलू शकतो, हे माझ्या ध्यानात आलं होतं. म्हणून तर मी सकाळी नको म्हटलं होतं. तर आत्या माझ्यावरच घसरल्या. देवाच्या दारात कसला जुगार, म्हणाल्या, चार माणसांत बसायला लागलाय पोरगा माझा, ते तुला बघवत नाही. थोरले दीर हणमंतराव कमिटीवर होते. त्यांनीही मान हलवली.

मी पळी पातेल्यात सोडून रस्ता ओलांडला. तोवर बोली रंगात आली होती. समोर वीटभट्टीवाले युवराज शेठ. त्यांनी एक आकडा बोलायचा की ह्यांनी दुसरा. भोंग्यावर ह्यांचा आवाज येत होता. तो आवाज मी ओळखत होते. गोड, शांत, जरासा हसरा. घरी असा आवाज कधी निघाला नाही. ढाब्यावरून परत आणायला जायची तेव्हा खिडकीतनं ऐकू यायचा. शेवटचा आकडा काय होता ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तो माझ्या तोंडातनं निघत नाही.

लिलावाला बाया पारावर चढत नाहीत, देवळाच्या पायऱ्यांवर बसतात. मी सरळ पुरुषांमधनं वाट काढत पाराखाली जाऊन उभी राहिले. पुकारा करणारा "एक वार" म्हणाला होता.

"ही बोली मागं घ्या," मी म्हटलं. "माझा नवरा आजारी आहे."

भोंगा चालू होता, त्यामुळं माझं बोलणं साऱ्या गावानं ऐकलं. मग कुणीतरी खुसखुसलं. युवराज शेठ मोठ्या मानभावीपणानं म्हणाले की वहिनींची अडचण असेल तर नारळ मी घेतो, त्यात काय. एवढं बोलायची खोटी, ह्यांनी त्यावर चढवून बोली केली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी मी दिसले नसते, ते डोळेच वेगळे होते.

हणमंतराव पारावरनं खाली वाकले आणि दात आवळून म्हणाले, "घरी जा. देवाला दिलेली बोली बाईमाणसानं फिरवायची नसते."

दोन वार झालं. तीन वार झालं. हलगी कडाडली. गुलाल उडाला तो माझ्याही डोक्यावर पडला. मुरलीधरांना चार जणांनी खांद्यावर उचललं. आणि पायऱ्यांवर आत्या उभ्या होत्या. दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांतनं धारा. एवढी वर्षं त्या जत्रेला तोंड चुकवत जायच्या, कोपऱ्यातनं दर्शन घेऊन परत यायच्या. त्या दिवशी बाया त्यांच्या पाया पडत होत्या. त्यांच्याकडं बघून मला रागवता आलं नाही. आजही नाही येत.

ओट्यावर परत आले तर चाचा हात धुऊन निघाले होते. मी म्हटलं, चाचा, तुम्ही तरी सांगा ह्यांना. ते म्हणाले, आज त्याला सांगून काही कानात शिरणार नाही. "रविवारी या. घरच्यांची बैठक आहे, कुणालाही आणा. पण बोलायचं ते त्याचं त्यानं. तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर तो तुमच्याशी भांडेल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील."

रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. मुरलीधर हवेत होते. दुकानात बसेनात. पारावर बसून पुढच्या वर्षी पालखीचाच मान घेऊ म्हणून सांगत होते. सकाळी चहाचे पैसे द्यायला लागले तर हात झटकला. गावात मान आहे आता मला, म्हणाले, बायकोपुढं हात पसरू काय? पैसे कुठनं आणणार विचारलं तर म्हणाले, देव देईल. ढाब्यामागं बसणारी माणसं पण असंच म्हणतात, फक्त देवाचं नाव घेत नाहीत. आत्यांनी तर मोटारीच्या धंद्याला बरकत येणार म्हणून दुकानाला तोरण बांधलं.

रविवारी आत्या म्हणाल्या, मी पण येणार. कधी आल्या नव्हत्या. जुगाऱ्यांच्या बैठकीला जायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कराडला डॉक्टरकडं जातात असं गावात सांगायच्या. त्या दिवशी मात्र ठेवणीतलं इरकल नेसल्या. मानाच्या नारळाचं खोबरं बारीक चिरून, साखर घालून डबा भरला. तिथल्या माणसांना प्रसाद देते, म्हणाल्या, त्यांना पण कळू दे, देवानं माझ्या पोराला कसं वर काढलं. एसटीत सगळी वाट डबा मांडीवर धरून बसल्या.

वर्गात लहान मुलांची बाकं होती, माणसं गुडघे वर करून बसायची. एक शिक्षक, एक रिक्षावाला, एक बँकेतला साहेब, अजून काही. भिंतीवर बाराखडीचे तक्ते. आत्या माझ्या शेजारी बसल्या, डबा बाकावर समोर. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, शेवटचं कधी खेळलो ते सांगायचा आणि बसायचा. बँकेतले साहेब उठले तेव्हा आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, केवढा शिकलेला माणूस आणि बघ. पोराचा नंबर कधी येतो म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता.

मुरलीधर उठले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता नेहमीचंच सांगणार. दीड वर्ष झालं, पत्त्याला हात लावला नाही. आणि ते खरंही होतं, पत्त्याला हात लावलाच नव्हता. सगळे टाळ्या वाजवतील, आत्या प्रसाद वाटतील, आणि तिथनं पुढं त्यांना कुणी अडवू शकणार नाही. देवाच्या नावानं, जत्रेच्या नावानं, मानाच्या नावानं खेळत राहतील आणि गाव फेटे बांधत राहील. चाचांनी मला न बोलायची शपथच घातली होती. मी पदर तोंडात धरला.

"मी मुरलीधर," ते म्हणाले. "मी जुगारी आहे."

मग चाचांकडं बघितलं. चाचा जमिनीकडं बघत होते, मुद्दामच. मग ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठा बोटावर फिरत होता. आणि मग डाव्या हातानं तो हात घट्ट धरला.

"मंगळवारी खेळलो," ते म्हणाले. "भैरोबाच्या दारात."

आत्यांना आधी काही समजलं नाही. त्या हसऱ्या चेहऱ्यानंच बसल्या होत्या, डब्याच्या झाकणावर हात ठेवून.

मुरलीधर बोलत गेले. आवाज चिरका, नेहमीचा, घरचा. म्हणाले, लोक म्हणतात मी देवासाठी बोली केली. मला देव दिसत नव्हता. नारळ दिसत नव्हता. समोरच्याचं तोंड तेवढं दिसत होतं, तो आता काय करतो, थांबतो का चढतो. तो चढला की बरं वाटायचं. थांबला असता तर मला वाईट वाटलं असतं. बायको खाली येऊन उभी राहिली, ती मला माशीसारखी वाटली. "खांद्यावर घेऊन नाचवलं मला. आई रडली. आणि घरी आल्यावर अंथरुणावर पडून मी काय करत होतो सांगू? परत कधी खेळायला मिळेल ते बघत होतो. ढाब्यावरनं आल्यावर करायचो तेच." रिक्षावाला उठला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचांनी डोळे पुसले ते मी बघितलं.

माझ्या छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला बोलू. त्या दिवसानंतर मला ह्या माणसाची धास्ती वाटली नाही. पण माझ्या शेजारी आत्या बसल्या होत्या. त्यांनी डबा उचलला, पिशवीत घातला, पिशवीचे बंद नीट बांधले. उठल्या आणि वर्गाबाहेर गेल्या.

आम्ही पळत मागं गेलो. त्या स्टँडवर बाकावर बसल्या होत्या. मुरलीधर पुढ्यात उकिडवे बसले आणि पायाला हात लावायला गेले. आत्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

"आई, खरं सांगितलं मी," ते म्हणाले. "न सांगता परत बुडलो असतो."

आत्या त्यांच्याकडं बघत नव्हत्या. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, तिकडं बघत होत्या. शेवटी बोलल्या, पण हळू, शेजारच्या माणसाला ऐकू जाणार नाही एवढं. बाहेर हळू बोलायची सवयच लागली होती त्यांना.

"लोकांच्या मोटारी विकल्यास, मी झाकलं. बायकोचं डोरलं विकलंस, मी झाकलं. औषध प्यालास, तेव्हा पण झाकलं. सगळं आयुष्य झाकण्यात गेलं माझं. ह्या एकाच दिवशी मला काही झाकायला लागलं नव्हतं. एकाच दिवशी, मुरल्या. ते पण तू चार लोकांत उघडं केलंस."

काय बोलणार होते मी? ती बाई चुकत होती आणि तिचं खरं होतं.

गाडी लागली. आत्या एकट्या चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. आम्ही मागं बसलो. गावात उतरल्यावर त्या आमच्या घराकडं वळल्या नाहीत. हणमंतरावांच्या दारात गेल्या आणि आत शिरल्या.

देवाच्या नारळाला जुगार म्हणाला, ही गोष्ट आठ दिवसांत गावभर झाली. कुणी पोचवली माहीत नाही. युवराज शेठच्या भट्टीवरची मोटार दुसऱ्या गावाला भरायला गेली, मग बाकीच्यांच्याही जायला लागल्या. तोरण बांधलेलं दुकान आम्ही त्याच पावसाळ्यात बंद केलं आणि कराडला बिऱ्हाड केलं. तिथं मुरलीधर दुसऱ्याच्या दुकानात मोटारी भरायला लागले. चाचांनी ओळख काढून दिली, पगार माझ्या हातात येईल हेही मालकाशी बोलून ठेवलं. देवाची उधारी फेडली, जत्रेच्या आधी. पैसे घेऊन हे स्वतः गेले, तर कमिटीनं पाराखालीच घेतले. वर या म्हणाले नाहीत.

त्याला आता खूप वर्षं झाली. चाचा गेले. त्यांच्या जागी बैठकीत आता मुरलीधर बसतात. नव्यानं येणारा माणूस थरथरत आला की त्याला हेच चहा पाजतात आणि त्याच्या बायकोला मी बाहेर घेऊन बसते.

दर जत्रेला हे आईला लुगडं पाठवायचे. आत्या ते घ्यायच्या, परत पाठवायच्या नाहीत, पण नेसायच्याही नाहीत. हे भेटायला गेले की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. शेवटच्या आजारात हे उशाशी तीन दिवस बसून होते. पाणी पाजायला गेले की तोंड मिटायच्या. हणमंतरावांच्या सुनेनं चमचा धरला की उघडायच्या.

मुरलीधर त्या रविवारनंतर परत खेळले नाहीत. आत्या त्या रविवारनंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दोघांनीही आपापला नेम मोडला नाही.